फ्लूची मोठी साथ आली तर: आपल्या घराची तयारी

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं की टोकावड्याच्या पुढे वैशाखरे येतं. या पट्ट्यात आणि शेजारच्या शहापूर तालुक्यात राहणाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे : दवाखाना लांब आहे. दिवसा गाडी मिळते, रात्री मिळेलच असं नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की रस्ता बंद होतो. अशा ठिकाणी साथीची तयारी शहरासारखी करून चालत नाही. आजारी माणसाला कधी घरी ठेवायचं, कधी हलवायचं, कोण हलवणार आणि मागे घर कोण बघणार, हे साथ यायच्या आधीच ठरलेलं असावं लागतं. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत. वाचून झाल्यावर घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवावी.

साधा फ्लू आणि महासाथ यात फरक काय?

फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. आपल्याकडे तो दरवर्षी पावसाळ्यात वाढतो, थंडी सरतानाही थोडा डोकं वर काढतो. एकदम चढणारा ताप, अंगदुखी, घसादुखी, कोरडा खोकला आणि गळून गेल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. बहुतेक लोक आठवड्याभरात बरे होतात.

या विषाणूचं रूप कधी कधी इतकं बदलतं की जवळजवळ कोणाच्याच शरीरात त्याच्याशी लढण्याची ताकद तयार नसते. मग तो देशोदेशी पसरतो. तीच महासाथ. १९१८ च्या जूनमध्ये असाच फ्लू मुंबई बंदरातून शिरला आणि रेल्वेने देशभर गेला. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर निघाली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. मरणाऱ्यांत तरणीताठी माणसं फार होती.

अलीकडची फ्लूची महासाथ म्हणजे २००९ चा स्वाइन फ्लू, एच१एन१. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ ला ती महासाथ जाहीर केली. ३ ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला. ती १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. लक्षणं दिसल्यापासून विषाणूवरचं औषध सुरू होईपर्यंत आठवड्याहून जास्त दिवस गेले होते. ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. गावातल्या माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट हीच. आपले दोन दिवस "बघू उद्या" म्हणण्यात आणि गाडी शोधण्यात जातात.

आपल्या अंगणातला धोका : कोंबड्या

बर्ड फ्लू आपल्याला परका नाही. महाराष्ट्रात २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो पहिल्यांदा आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर आपल्या शहापूर तालुक्यातल्या वेहळोली गावात एका फार्मवर सुमारे शंभर कोंबड्या मेल्या, तपासणीत एच५एन१ निघाला आणि एक किलोमीटरच्या परिसरातले हजारो पक्षी मारावे लागले. माणसांत ती साथ पसरली नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण २०२१ मध्ये हरियाणातला एक लहान मुलगा याच विषाणूने दिल्लीत दगावला होता. पक्ष्याचा विषाणू माणसात शिरून माणसाकडून माणसाकडे सहज जायला शिकला, तर पुढची महासाथ तिथूनच सुरू होऊ शकते.

इथे आपल्या घरांतली एक सवय स्पष्ट बोलायला हवी. कोंबडी मान टाकायला लागली की "मुर्दार व्हायच्या आधी हलाल करून घ्या, वाया कशाला घालवता" असं म्हणतात. नुकसान टाळायचा हेतू असतो, पण आजारी कोंबडी कापणं, पिसं काढणं, आतडी साफ करणं हेच सगळ्यात धोक्याचं काम आहे. आजारी पक्षी कापू नका आणि मेलेल्याला उघड्या हाताने शिवू नका. मुलांना लांब ठेवा. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. एकापेक्षा जास्त कोंबड्या अचानक मेल्या तर जनावरांच्या दवाखान्यात कळवा. १९६२ हा नंबर त्यासाठीच आहे. कळवलं तर धंदा बुडेल ही भीती खरी आहे, पण सरकारी आदेशाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. लपवलेल्या आणि आपोआप मेलेल्यांची मिळत नाही.

निरोगी कोंबडीचं मांस नीट शिजवून खायला हरकत नाही. २०२० च्या सुरुवातीला "चिकनने कोरोना होतो" अशी अफवा फिरली आणि राज्यातले पोल्ट्रीवाले हवालदिल झाले. सावध राहणं वेगळं, अफवेवर चालणं वेगळं.

घरात काय भरून ठेवायचं?

आपल्या भागात आगोटीची खरेदी नवीन नाही. पावसाळ्याच्या तोंडावर तांदूळ, डाळ, मसाला, सुकट-बोंबील भरतातच. तोच हिशोब दोन आठवड्यांचा धरावा आणि वर्षभर तेवढा साठा राहू द्यावा. एकदम पैसे घालायची गरज नाही. दर आठवड्याच्या बाजारातून थोडं थोडं जास्त आणा, जुनं आधी वापरा. गरजेपेक्षा जास्त भरू नका. आपण पोती अडवली तर शेजाऱ्याला मिळत नाही.

- तांदूळ, पीठ, डाळी, तेल, मीठ, साखर, चहा, कांदे-बटाटे. तान्हं बाळ असेल तर त्याचं खाणं.
- अंगाचा आणि कपड्यांचा साबण, ब्लीचिंग पावडर किंवा फिनेल, मास्क.
- थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं. जमलं तर चार घरांत मिळून एक ऑक्सिमीटर.
- साखर, बीपी, दमा, फिट यांच्या रोजच्या गोळ्या महिनाभराच्या.
- बॅटरी, चार्ज केलेला मोबाइल, गॅसचा दुसरा सिलिंडर किंवा सुकी लाकडं.
- रेशनकार्ड, आधार आणि जुने दवाखान्याचे कागद एकाच पिशवीत.

ओआरएस नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचा, मोठा नाही. मिठाचं माप चुकवू नका.

आजारी माणूस घरात असेल तर

त्याला वेगळी खोली द्या. एकच खोली असेल तर खिडकीजवळचा कोपरा द्या, मध्ये अंतर ठेवा आणि डोक्या-पायाची दिशा उलटी करा. खिडकी-दार उघडं ठेवा. चुलीच्या धुराजवळ त्याला झोपवू नका.

खिदमत एकाच माणसाने करावी, आणि तो धडधाकट असावा. हे काम आपोआप सुनेच्या गळ्यात पडतं. ती गरोदर असेल तर तिला अजिबात देऊ नका, कारण गरोदरपणात फ्लू फार जड जातो. घरातल्या मर्दांनीही हे काम शिकून घ्यावं. जवळ जाताना दोघांनी मास्क लावावा, नंतर साबणाने हात धुवावेत.

वजूमुळे आपले हात दिवसातून पाच वेळा पाण्याखाली जातात, ही मोठी नेमत आहे. पण विषाणू घालवायला साबण लागतो. तेव्हा साथीच्या दिवसांत वजूच्या आधी साबण लावा आणि टॉवेल प्रत्येकाचा वेगळा ठेवा. एकाच थाळ्यात जेवायची पद्धत आणि मुसाफा हे दोन्ही साथ असेपर्यंत बाजूला ठेवा. सलाम तोंडाने पुरतो.

तापाला पॅरासिटामॉल पुरेसं असतं. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नका. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही. "एक सुई, एक सलाईन, उद्या कामावर" या भरवशावर राहू नका. ताप औषधाशिवाय उतरून चोवीस तास होईपर्यंत शाळा, काम आणि मशीद बंद. मुलाची हजेरी बुडेल म्हणून तापात शाळेत पाठवू नका. आम्ही शिक्षक म्हणून हे हक्काने सांगतो.

कधी वाट पाहायची नाही

खालीलपैकी एक जरी दिसलं तरी रात्र असो की पाऊस, १०८ ला फोन करा :

- धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं.
- ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा.
- बरळणं, गुंगी, उठवता न येणं.
- लघवी फार कमी होणं.
- ताप उतरून बरं वाटलं आणि पुन्हा जोराने चढला.
- लहान मूल दूध पीत नाही, किंवा शांत असताना मिनिटाला फार श्वास घेतं : दोन महिन्यांच्या आत ६०, एक वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त.

गरोदर बाई, पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि साखर, दमा, हृदय किंवा किडनीचा आजार असलेले यांच्या बाबतीत ही लक्षणं दिसायची वाट पाहू नका. साथीत ताप आला की पहिल्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा. ४८ तासांचा हिशोब त्यांच्यासाठीच आहे.

आज घरात बसून एक कागद लिहा : आशाताईंचा नंबर, जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर, रात्री गाडी काढेल अशा दोन माणसांचे नंबर, मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय किंवा शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय यांपैकी आपल्याला कोणतं सोयीचं आणि तिथे पोहोचायला किती वेळ लागतो. कागद दाराच्या मागे चिकटवा. सगळ्यांना मोबाइल उघडता येईलच असं नाही.

लस

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू बदलतो. हजला जाणाऱ्या वयस्कर हाजींना ती दिली जाते, म्हणजे आपल्याला ती अनोळखी नाही. नव्या महासाथीच्या विषाणूवर जुनी लस पुरेशी पडेलच असं नाही, पण नेहमीच्या फ्लूपासून ती कमजोर माणसाला वाचवते. गरोदर स्त्रिया आणि साखर-बीपीवाल्यांनी पावसाळ्याआधी सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

मशीद, जमात आणि शेजार

२०२० चा रमजान आपण घरात काढला, तरावीह घरात पढली, ईदची नमाजही घरातच झाली. कठीण होतं, पण जमलं. दीनही हेच शिकवतो. प्लेग असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे आला तर तिथून पळू नका, ही हदीसची शिकवण आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर होते, प्लेगची खबर मिळाली तेव्हा साथीदारांशी मशवरा करून ते परत फिरले. तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणं नव्हे.

मशिदीच्या कमिटीने आधीच ठरवावं : कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, डबा कोण पोहोचवेल, मय्यतचं गुस्ल हातमोजे आणि मास्क लावून कोण देईल. लाउडस्पीकरवरून फक्त आरोग्य खात्याने सांगितलेली माहितीच द्यावी.

आपली घरं इथे विखुरलेली आहेत. मदतीला आधी येतो तो शेजारी, मग तो कोणत्याही समाजाचा असो. वीटभट्टीवर जाणाऱ्या ठाकूर-कातकरी कुटुंबांकडे दोन आठवड्यांचा साठा नसतो. सदका-जकातीतला आणि साठ्यातला थोडा वाटा त्यांच्यासाठी ठेवा. २०२० मध्ये आजाराला धर्म चिकटवला गेला तेव्हा काय वाटतं, हे आपण भोगलं आहे. म्हणून पुढच्या वेळी कोणाच्या घरात ताप आला तर त्या घराला बोट दाखवणारे आपण नसावं. आजार लपवायची वेळ कोणावर आली नाही, तर ते ४८ तास वाया जात नाहीत.

अल्लाह सर्वांना आफियतमध्ये ठेवो. कागद मात्र आजच लिहा.