पेट्रोल कॉकची चावी सैल? आधी कारण शोधा, मग स्क्रू आवळा

कोल्हापूर : मोटारसायकलीच्या टाकीखाली असलेली पेट्रोल कॉकची चावी सैल झाली, तरी गाडी सुरू होते आणि चालतेही. त्यामुळे बहुतेक वाहनधारक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. वस्तुतः हा सैलपणा अनेकदा केवळ चावीचा नसतो. आतील पॅकिंग, वायसर किंवा स्क्रू निकामी होत असल्याची ती पहिली सूचना असते. वेळीच लक्ष दिल्यास दुरुस्ती किरकोळ खर्चात होते. न दिल्यास पेट्रोल गळते, गाडी आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटात बंद पडू शकते आणि गळणारे पेट्रोल तापलेल्या इंजिनवर पडल्यास आगीचाही धोका संभवतो.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यानंतर बहुतांश नव्या मोटारसायकलींत इंधन इंजेक्शन प्रणाली आली आणि हाताने फिरवायचा कॉक नाहीसा होत गेला. मात्र कार्बोरेटरच्या असंख्य जुन्या गाड्या आजही वापरात असून, त्यांच्या मालकांना हा भाग माहीत असणे आवश्यक आहे.

कॉकचे कार्य

कॉकमधून टाकीत दोन वाटा जातात. उंच नळीतून ‘ऑन’ स्थितीत, तर तळाजवळच्या वाटेने ‘रिझर्व्ह’ स्थितीत पेट्रोल उतरते. चावीमागे छिद्रे असलेले रबरी पॅकिंग असते. चावी फिरविली, की तिच्यातील खाच हव्या त्या छिद्राशी जुळते; ‘ऑफ’ स्थितीत दोन्ही वाटा बंद होतात. लाटेसारखा वाकविलेला स्प्रिंग वायसर चावीला पॅकिंगवर दाबून धरतो आणि त्यावरील पट्टी दोन लहान स्क्रूंनी बसविलेली असते. हा दाब कमी झाला, की चावी हलू लागते. अशी चावी गाडीच्या हादऱ्याने अर्धवट फिरल्यास पेट्रोल अपुरे मिळते आणि टाकी भरलेली असूनही गाडी बंद पडते.

सैलपणाचे प्रकार

१) फक्त चावीची मूठ दांड्यावर हलते, गळती नाही : मुठीच्या मध्यभागी स्क्रू असल्यास तो काढून, साफ करून पुन्हा बसवावा. मुठीचे आतील दाते झिजले असल्यास मूठच बदलावी.

२) पट्टीसह चावी हलते : पट्टीचे स्क्रू ढिले झालेले असतात. योग्य मापाच्या स्क्रू ड्रायव्हरने दोन्ही आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. कॉकचा धातू मऊ असल्याने जास्त जोर लावल्यास आटे जातात.

३) स्क्रू घट्ट असूनही चावी विनासायास फिरते किंवा कडेने पेट्रोल पाझरते : वायसर चपटा झाला आहे किंवा पॅकिंग झिजले आहे. येथे आवळून उपयोग नाही, दोन्ही बदलावेत.

४) पट्टी रिबिटने बसविलेली आहे : असा कॉक उघडण्यासाठी केलेला नसतो. तो संपूर्ण बदलणेच इष्ट.

दुरुस्तीचा क्रम

काम मोकळ्या हवेत आणि इंजिन थंड असतानाच करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. त्यामुळे जवळपास विडी, स्टोव्ह किंवा देव्हाऱ्यातील दिवाही नसावा. प्रथम कार्बोरेटरकडील नळी काढून तिचे टोक पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडावे. ‘ऑफ’ स्थितीत एकही थेंब पडता कामा नये. त्यानंतर चावी ‘रिझर्व्ह’वर ठेवून टाकी पूर्ण रिकामी करावी; पट्टीमागे पेट्रोल असते, हे विसरू नये.

भाग काढताना त्यांचा क्रम लक्षात ठेवावा किंवा मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. मोबाईल मात्र पेट्रोलपासून दूर असावा. नवे पॅकिंग बसविताना त्याची छिद्रे कॉकच्या छिद्रांशी तंतोतंत जुळवावीत. जोडणीनंतर अर्धा लिटर पेट्रोल ओतून तिन्ही स्थितींत काही मिनिटे कोरड्या फडक्याने गळती तपासावी. सर्व ठीक असल्यासच टाकी भरावी.

तात्पुरते उपाय घातक

गळतीवर अंगाचा साबण घासण्याची युक्ती गॅरेजपर्यंत पोहोचण्यापुरतीच ठीक आहे. सायकलच्या ट्यूबचे रबर कापून केलेले पॅकिंग पेट्रोलमध्ये फुगते. साधा गोंदही विरघळतो आणि त्याचे कण कार्बोरेटरमध्ये अडकतात. शिवाजी उद्यमनगरच्या कार्यशाळांत गेलेले आटे पुन्हा पाडून मिळू शकतील. पॅकिंग मात्र त्या मॉडेलचेच घ्यावे. ‘ऑफ’मध्येही पाझरणारा कॉक आणखी एक नुकसान करतो. कार्बोरेटरची सुईही झिजलेली असल्यास रात्रभर पेट्रोल इंजिनात उतरते, ऑईल पातळ होते आणि अंतर्गत भागांची झीज वाढते.

इथेनॉल आणि महापूर

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ मध्ये गाठला. कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखानदारीशी या इथेनॉलचे जवळचे नाते आहे. तथापि, जुन्या गाड्यांतील रबर या मिश्रणाचा विचार करून बनविलेले नाही. काही जुन्या वाहनांत दीर्घ वापरानंतर रबरी भाग व पॅकिंग बदलावे लागतील, असे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ मध्ये स्पष्ट केले होते. कॉकचे पॅकिंग त्यांपैकीच एक.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले. पुरात बुडालेल्या गाडीच्या टाकीत पाणी गेल्यास ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. गाडी ‘रिझर्व्ह’ला लागली, की सर्वप्रथम तेच पाणी कार्बोरेटरकडे जाते, तर टाकीतील गंजाचे कण कॉकची जाळी तुंबवितात व पॅकिंगला चरे पाडतात. अशा गाडीत केवळ पॅकिंग बदलून भागत नाही. टाकी धुऊन, जाळी साफ करूनच नवे पॅकिंग बसवावे. अन्यथा चावी पुन्हा सैल होण्यास आणि पेट्रोल पाझरण्यास फार काळ लागणार नाही.