हयातीचा दाखला आणि बायॉलॉजीचं पुस्तक

मागच्या नोव्हेंबरात मी आजोबांना घेऊन बीडला बँकेत गेलो होतो. पेन्शन चालू ठेवायची तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सोबत धाकटी बहीण होती. तिची नीटची तयारी चाललेली, त्यामुळं रांगेतही हातात बायॉलॉजीचं पुस्तक. तिनं विचारलं, "दादा, हयात म्हणजे काय रे?"

"जिवंत असणं," मी म्हणालो. आणि लक्षात आलं, उत्तर तिच्या हातातच आहे!

बघा ना, ग्रीकमध्ये 'बायोस' म्हणजे जीवन आणि 'लोगोस' म्हणजे विवेचन. फ्रान्सचा लामार्क आणि जर्मनीचा ट्रेव्हिरानस, दोघांनीही १८०२ मध्ये हा शब्द सगळ्या सजीवांच्या शास्त्रासाठी वापरला. त्याआधी झाडांचा अभ्यास वेगळा अन् प्राण्यांचा वेगळा, अशीच रीत होती.

आता आपल्या बीडकडं येऊ. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. तिथं १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ निघालं. शिकवायची भाषा उर्दू, विज्ञानालासुद्धा. पुस्तकं उर्दूत आणायला आदल्याच वर्षी भाषांतराचं खास खातं उघडलं होतं. उर्दूत बायॉलॉजीला म्हणतात 'हयातियात'. वनस्पतिशास्त्र 'नबातियात', प्राणिशास्त्र 'हैवानियात'.

इंग्रजीला बाजूला ठेवून विज्ञान शिकवणं, हे त्या काळात मोठंच धाडस होतं. पण बीडच्या मराठी घरातल्या पोराला उर्दूही शिकूनच घ्यावी लागायची. पुढं संस्थान गेलं, उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी आली. म्हणजे पोराची अडचण तीच, फक्त भाषा बदलली.

आपला मराठी शब्द जीवशास्त्र. पुष्कळांना वाटतं, जीव म्हणजे हलणारा-चालणारा, म्हणून हे प्राण्यांचं शास्त्र. तसं नाही. बाभूळ, मोर, विरजणातले जिवाणू, सगळे त्यात येतात. 'जैव' हा त्याच घरातला शब्द: जैवविविधता, जैवतंत्रज्ञान.

नीटचा पेपर आज मराठीतूनही देता येतो. बहीण इंग्रजीतूनच देणार आहे, आणि त्यात काही वावगं नाही. पण परवापर्यंत ती म्हणायची, "हे शब्द आपले नाहीतच, नुसते पाठ करायचे." त्या दिवशी आजोबांचा अंगठा मशीनवर लागला, तेव्हा ती हसून म्हणाली, "आजोबा, तुम्ही बायॉलॉजीत पास!"

तुमच्या घरी असा कुठला जुना शब्द आहे? आजी-आजोबांना विचारा अन् आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात.