उभ्या मोटारीची आग

मोटारीला आग लागते ती रस्त्यावर, टक्कर होऊन किंवा इंजिन फार तापून, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंजिन थंड झालें आहे, किल्ली घरांत खुंटीला टांगली आहे आणि गाडी रात्रीं आवारांत नुसती उभी आहे. अशी गाडी आपोआप पेट घेईल हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. अमेरिकेंत गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत फोर्ड कंपनीच्या कांहीं गाड्या नेमक्या अशाच पेटूं लागल्या. ज्याची गाडी जळे त्याला ती आपल्यापुरती एक दैवी आपत्ति वाटे. दूरच्या दुसऱ्या गांवीं त्याच घडणीची दुसरी गाडी तशीच जळाली आहे हें त्याला कळणार तरी कसें?

किल्ली काढली म्हणजे मोटारींतील सारी वीज थांबते हा समजच मुळांत खरा नाहीं. घड्याळ चालू राहतें, दार उघडतांच आंतला दिवा लागतो, कारण बॅटरीपासून निघालेल्या कांहीं तारांत विजेचा दाब अहोरात्र कायम असतो. फोर्डच्या या गाड्यांत एक ठराविक वेग आपोआप राखणारी योजना होती, आणि चालकानें ब्रेक जोरानें दाबतांच ती योजना बंद पाडणारें एक लहानसें बटण ब्रेकच्या यंत्रणेला जोडलेलें होतें. त्याच्या एका अंगास ब्रेकचें तेल व दुसऱ्या अंगास विजेचीं टोकें. दोहोंमध्यें एक पातळ पडदा. वर्षानुवर्षांच्या दाबानें पडदा फाटला कीं तेल विजेच्या बाजूस झिरपे, टोकें गंजत, प्रवाह भलत्या वाटेनें वाहूं लागे, आणि तापलेलें प्लॅस्टिकचें कवच पेट घेई. ही तार तर गाडी बंद असतांनाही जिवंत! जें बटण केवळ रक्षणासाठीं बसविलें होतें, तेंच असें काडेपेटी होऊन बसलें.

अशा विखुरलेल्या अपघातांना एकत्र ओवणारा कायदा अमेरिकेंत १९६६ सालीं झाला. मोटारींच्या रचनेंतील धोक्यांवर राल्फ नेडर यांनीं लिहिलेलें पुस्तक आदल्याच वर्षीं गाजलें होतें. सुरक्षिततेस बाधक असा दोष आढळल्यास कारखानदारानें तो मालकांना कळविला पाहिजे, असें या कायद्यानें ठरविलें. फुकट दुरुस्ती करून देण्याचें बंधन मात्र १९७४ च्या दुरुस्तीनें आलें. मधलीं आठ वर्षें, ‘तुमची गाडी धोक्याची आहे’ एवढें सांगून मोकळें होण्यास कायद्याची हरकत नव्हती, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

फोर्ड कंपनीला हा प्रसंग अगदींच नवा होता असेंही नव्हे. किल्ली फिरवण्याच्या जागेंतील विद्युत्-बटणाच्या दोषापायीं १९९६ सालीं तिनें १९८८ ते १९९३ या सालांच्या सुमारें ऐंशी लाख गाड्या परत बोलाविल्या होत्या. ब्रेकच्या बटणाची हांक मात्र मोठ्या कंजूषपणानें सुरू झाली. १९९९ च्या मे महिन्यांत १९९२ व १९९३ या दोन सालांच्या, तीन लाखांहूनही कमी गाड्या बोलावण्यांत आल्या. तसलींच बटणें इतर लाखों गाड्यांत होतीं; पण दोष त्या दोन सालांपुरताच आहे असें धरलें गेलें. पुढें मालवाहू घडणीच्या गाड्याही जळूं लागल्या. दोष बटणाचा, कीं ज्या रचनेंत तें बसविलें तिचा, यावर फोर्ड आणि बटण पुरविणारी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनी यांच्यांत वाद रंगला. जानेवारी २००५ मध्यें सुमारें आठ लाख, सप्टेंबरांत आणखी अडतीस लाख, आणि याप्रमाणें वाढत वाढत ऑक्टोबर २००९ पर्यंत एकूण आंकडा एक कोटी चाळीस लाखांच्या वर गेला. पहिल्या हांकेपासून शेवटच्या हांकेपर्यंत दहा वर्षें लोटलीं.

आणि उपाय काय होता? बटणाकडे जाणाऱ्या तारेंत एक फ्यूज असलेला छोटासा जोड बसवावयाचा, म्हणजे प्रवाह बेसुमार वाढतांच फ्यूज वितळून तार निर्जीव होईल. घराघरांतून जी युक्ति दिव्यांच्या तारांना लावलेली असते तीच ही! तो जोड पुरेसा तयार नसल्यानें आरंभीं कित्येकांच्या गाड्यांत बटणाची तारच सोडवून ठेवावी लागली.

तरीही हांक मारणें वेगळें आणि गाडी येणें वेगळें. फेब्रुवारी २००८ मध्यें अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षितता खात्यानें लोकांना जाहीर इशारा दिला, त्या वेळीं सुमारें पन्नास लाख गाड्यांची दुरुस्ती व्हावयाची होती. गाडी जुनी होत जाते तशी ती हातोहात विकली जाते, आणि कारखान्याचें पत्र जुन्या पत्त्यावर पोंचतें. पडदा तर जुन्या गाडींतच फाटावयाचा! धोका आणि निष्काळजीपणा हे दोन्ही असे एकाच गाडींत मुक्कामास येतात.

हिंदुस्थानांत ही कल्पना फार उशीरां रुजली. २०१० च्या मार्च महिन्यांत मुंबईच्या मुलुंड उपनगरांत एक नवी कोरी टाटा नॅनो दुकानांतून घरीं जात असतां पेटली. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत कंपनीनें सत्तर हजारांहून अधिक गाड्यांना विद्युत्-यंत्रणेचें व धूर सोडणाऱ्या नळीचें अधिक संरक्षण फुकट देऊं केलें. पण त्याला ‘परत बोलावणें’ हें नांव देण्याचें कटाक्षानें टाळलें. तसें बोलावण्यास भाग पाडणारा कायदाच तेव्हां देशांत नव्हता. २०१२ सालीं मोटार-कारखानदारांच्या संघानें स्वेच्छेची एक संहिता केली. सरकारला सक्तीचा अधिकार मिळाला तो मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलांत आले. पुढच्याच वर्षीं मार्चमध्यें पुण्याच्या लोहगांव भागांत रस्त्याकडेला उभी असलेली ओला कंपनीची विजेवर चालणारी स्कूटर पेटली, आणि एप्रिलांत कंपनीनें १,४४१ स्कूटरी तपासणीसाठीं परत बोलाविल्या, त्याही स्वेच्छेनें.

या नियमांतील एक कलम मात्र फोर्डचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला खटकल्यावांचून राहत नाहीं. सक्तीनें परत बोलावण्यासाठीं जी तपासणी व्हावयाची, ती सात वर्षांच्या आंतील गाड्यांपुरतीच आहे. २००९ सालीं फोर्डनें शेवटीं ज्या विंडस्टार गाड्या बोलाविल्या, त्यांतील सर्वांत जुन्या १९९५ सालच्या होत्या.