पनवेलचा वाचक आणि मुष्टियुद्धाची नियतकालिके : एक तौलनिक विचार

क्रीडेच्या इतिहासाची साधने म्हणून नियतकालिकांचा उपयोग करताना अभ्यासकाकडून एक चूक वारंवार घडते. नियतकालिकात जे छापले गेले ते घडले, आणि जे छापले गेले नाही ते घडलेच नाही, असे तो नकळत गृहीत धरतो. मुष्टियुद्धाच्या बाबतीत हे गृहीत विशेष घातक ठरते. कारण या खेळात नियतकालिकाने केवळ बातमीदाराचे काम केलेले नाही, तर पंचाचे आणि प्रसंगी हितसंबंधी पक्षाचेही काम केले आहे. हे नीट ध्यानात यावे यासाठी खेळाच्या केंद्रापासून दूर असलेल्या वाचकाच्या जागेवरून या नियतकालिकांकडे पाहणे इष्ट होय. पनवेल हे त्या दृष्टीने सोयीचे ठिकाण आहे.

पनवेलची जागा मुंबईच्या जवळची आहे, आणि तरीही दीर्घकाळ ती मुंबईपासून तुटलेली होती. १८३० साली बोरघाटातील रस्ता वाहतुकीस खुला झाला, तेव्हा मुंबईहून खाडीमार्गाने पनवेलास उतरून पुण्याकडे जाणे हा प्रवासाचा रूढ क्रम बनला. १८५२ साली येथे नगरपालिकाही स्थापन झाली. परंतु १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू होऊन ती कल्याण-कर्जतवरून गेली, आणि पनवेल मुख्य मार्गाच्या बाजूला पडले. दिवा-पनवेल लोहमार्ग आला तो १९६४ साली, म्हणजे एका शतकानंतर. ठाण्याच्या खाडीवरील वाशीचा पूल १९७३ साली पुरा होईपर्यंत मुंबईहून पनवेलास मोटारीने यावयाचे तर ठाण्याला वळसा घालावा लागे. तात्पर्य, मुंबईच्या बंदरात उतरलेले विलायती मासिक पनवेलच्या रसिकापर्यंत येण्यास मुंबईच्या वाचकापेक्षा आणखी एक टप्पा ओलांडावा लागे. अशा वाचकाच्या आवाक्यात येऊ शकणाऱ्या मुष्टियुद्धविषयक मजकुराचे चार वर्ग पाडता येतात : अमेरिकन मासिक, ब्रिटिश साप्ताहिक, इंग्रजीतून निघणारी भारतीय क्रीडासाप्ताहिके आणि मराठी व्यायामवाङ्मय. या चारही वर्गांना एकच प्रश्न विचारावयाचा आहे : मुष्टियोद्धा कोणास म्हणावयाचे?

पहिल्या वर्गाचा प्रतिनिधी म्हणजे न्यूयॉर्कचे ‘द रिंग’. नॅट फ्लायशर यांनी ते १९२२ साली सुरू केले आणि १९७२ साली निधन होईपर्यंत ते त्याच्याशी एकरूप होऊन राहिले. या मासिकाची कीर्ती मुख्यतः दोन गोष्टींवर उभी आहे. पहिली, वजनगटवार क्रमवारी. आणि दुसरी, १९४१ सालापासून निघू लागलेला लढतींचा वार्षिक नोंदग्रंथ. जगात कोठेही बसलेल्या वाचकाला या दोहोंच्या आधारे अमुक योद्धा तिसरा व तमुक सातवा असे ठामपणे बोलता येऊ लागले. दूरच्या वाचकावर क्रमवारीचा प्रभाव अधिक पडतो हे स्वाभाविक आहे. ज्याला लढत पाहावयास मिळत नाही, त्याला आकडा हाच लढतीचा पर्याय होतो.

परंतु या आकड्याचा उगम पाहिला म्हणजे त्याच्या निःपक्षपातीपणाविषयी सावधगिरी बाळगावी लागते. १९२५ साली प्रसिद्ध झालेली पहिली क्रमवारी ही टेक्स रिकर्ड यांनी तयार केलेली होती, आणि रिकर्ड हे त्या काळातील सर्वांत मोठे लढत-आयोजक होते. ज्याला लढतींची तिकिटे विकावयाची त्यानेच योद्ध्यांची प्रतवारी लावावी, हा प्रारंभ पुढील घटनांची सूचना देणारा होता. १९७७ साली डॉन किंग यांनी आयोजित केलेल्या आणि दूरचित्रवाणीवर दाखविल्या जाणाऱ्या अमेरिकन स्पर्धेसाठी ‘द रिंग’ची क्रमवारी आधार म्हणून घेण्यात आली. तेव्हा काही योद्ध्यांच्या खाती न झालेल्या लढती जमा करण्यात आल्याचे उघडकीस येऊन ती स्पर्धा मध्येच बंद पडली. २००७ साली हे मासिक ऑस्कर डी ला होया यांच्या आयोजन-संस्थेच्या मालकीत गेले. २०२४ साली ते सौदी अरेबियात मोठ्या लढती भरविणारे तुर्की अल-शेख यांनी विकत घेतले. सुमारे १०० वर्षांच्या या इतिहासात आयोजक आणि प्रतवारीकार यांचे नाते तुटले नाही, ते केवळ रूप बदलत राहिले.

तथापि याच मासिकाची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. फ्लायशर यांनी कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्यांचा बहुखंडी इतिहास १९३८ पासून प्रसिद्ध केला, आणि तोही वर्णभेद कायद्याने व रूढीने दृढ असताना. १९६७ साली सैन्यभरतीस नकार दिल्यामुळे अधिकृत मंडळांनी मुहम्मद अली यांचे अजिंक्यपद काढून घेतले, तेव्हा अजिंक्यपद आखाड्यातच जिंकावे वा गमवावे या भूमिकेवरून ‘द रिंग’ने त्यांना अजिंक्यवीर मानणे काही काळ चालूच ठेवले. परंतु त्याच मासिकाने १९६६ सालचा वर्षातील सर्वोत्तम योद्ध्याचा मान अलींना न देता रिक्त ठेवला होता. एकाच संपादकाच्या हातून झालेले हे दोन निर्णय शेजारी ठेवले म्हणजे क्रमवारी ही वस्तुस्थितीची नोंद नसून एक मत होय, आणि ते मतही प्रसंगानुसार बदलते, हे स्पष्ट होते.

दुसऱ्या वर्गात लंडनचे ‘बॉक्सिंग न्यूज’ येते. ते १९०९ साली ‘बॉक्सिंग’ या नावाने सुरू झाले आणि शंभराहून अधिक वर्षे साप्ताहिक म्हणून निघत राहिले. त्याचे बळ निकालांत आहे. लहान सभागृहांतील लढती, नवख्या योद्ध्यांचे पहिले सामने आणि हौशी मंडळांच्या स्पर्धा यांना त्याने जागा दिली. अमेरिकन मासिक शिखराकडे पाहते, ब्रिटिश साप्ताहिक पायथ्याकडेही पाहते, असा हा भेद थोडक्यात मांडता येईल. पनवेलच्या वाचकाला एखाद्या इंग्रज गिरणगावातील नवख्या योद्ध्याचे नाव ठाऊक होण्याची शक्यता या साप्ताहिकाने निर्माण केली. परंतु नोंदीच्या या पूर्णतेलाही एक कुंपण होते. ब्रिटिश अजिंक्यपदासाठी लढणाऱ्याचे आई-वडील दोघेही गौरवर्णीय असले पाहिजेत, असा तेथील नियामक मंडळाचा नियम होता. तो उठल्यानंतर १९४८ साली डिक टर्पिन हे पहिले कृष्णवर्णीय ब्रिटिश अजिंक्यवीर झाले. त्यापूर्वीच्या अंकांतील ब्रिटिश अजिंक्यवीरांच्या याद्या कितीही अचूक असल्या, तरी त्या गुणवत्तेच्या याद्या नव्हत, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.

तिसरा वर्ग भारतीय इंग्रजी साप्ताहिकांचा. मद्रासचे ‘स्पोर्ट अँड पास्टाइम’ १९४७ ते १९६८ या काळात निघाले. १९६८ साली मुंबईत ‘स्पोर्ट्सवीक’ आले. १९७८ साली मद्रासचे ‘स्पोर्टस्टार’ व कलकत्त्याचे ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’ सुरू झाले. ही साप्ताहिके स्वस्त होती, वेळेवर मिळत आणि त्यांत भारतीय नावे असत. विदेशी नियतकालिके सागरी टपालाने येत, त्यामुळे त्यांतील लढत वाचकाच्या हाती पडेपर्यंत शिळी झालेली असे. भारतीय साप्ताहिकांत हा दोष नव्हता. परंतु त्यांत क्रिकेट, हॉकी, फुटबॉल व टेनिस यांच्यानंतर उरलेली जागा मुष्टियुद्धाच्या वाट्याला येई. वस्तुतः संघटनेच्या दृष्टीने हा खेळ येथे नवा नव्हता. मुंबई इलाख्यात हौशी मुष्टियुद्धाची संघटना १९२५ साली निर्माण झाली. अखिल भारतीय संघटना १९४९ साली स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५० साली मुंबईतच भरली.

येथे चारही वर्गांना लावलेल्या प्रश्नाची खरी कसोटी लागते. सेनादलातील पदमबहादुर मल्ल यांनी १९६२ साली जकार्ता येथे आणि हवासिंग यांनी १९६६ व १९७० साली बँकॉक येथे आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदके मिळविली. ‘द रिंग’च्या क्रमवारीत यांना स्थान नव्हते आणि असणे शक्यही नव्हते, कारण ती क्रमवारी धंदेवाईकांची होती. म्हणजे आशिया खंडातील सर्वश्रेष्ठ हौशी जडवजनी योद्धा जगातील सर्वांत प्रतिष्ठित मुष्टियुद्ध-मासिकाच्या हिशेबी अस्तित्वातच नव्हता. भारतीय साप्ताहिकांत तो होता, परंतु पदकापुरता. त्याची तालीम, त्याचे प्रतिस्पर्धी, त्याच्या हरलेल्या लढती यांचा सलग वृत्तान्त देण्याइतकी जागा या खेळास मिळत नव्हती. एका ठिकाणी व्याख्येमुळे आणि दुसऱ्या ठिकाणी जागेअभावी, असा हा दुहेरी लोप आहे.

चौथा वर्ग मराठी वाङ्मयाचा. त्याची परंपरा निराळी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य नृपती सोमेश्वर तृतीय याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या विनोदाचे प्रकरण आहे. ज्येष्ठीमल्लांची वज्रमुष्टी ही मुठीने लढण्याची देशी रीतही प्रसिद्ध आहे. पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांनी पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत शिक्षण घेतले, ही गोष्ट या परिसरास परकी नाही. या परंपरेचे आधुनिक ग्रंथरूप म्हणजे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत प्रसिद्ध केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’. त्याचा भर योद्ध्यापेक्षा विद्येवर आहे. पवित्रा कसा घ्यावा, अंग कसे कमवावे, हे तो सांगतो. कोण जिंकले हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हे. इंग्रजी मासिकाचा वाचक प्रेक्षक असतो, तर या कोशाचा वाचक साधक असतो.

या दोन प्रवृत्तींचा संगम होऊन मराठीत केवळ मुष्टियुद्धास वाहिलेले नियतकालिक उभे राहावयास हवे होते. पण तसे ते रुजले नाही. १९८०च्या दशकात संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखाली मराठी क्रीडानियतकालिकाला मोठा वाचकवर्ग लाभला. पण त्याचे नाव ‘एकच षटकार’ होते. क्रीडा म्हणजे काय याविषयीची वाचकाची कल्पना त्या नावातच सामावलेली आहे.

एवंच, क्रमवारीसाठी अमेरिकन मासिक, निकालांसाठी ब्रिटिश साप्ताहिक, राष्ट्रीय वार्तेसाठी भारतीय साप्ताहिक आणि विद्येसाठी मराठी कोश असा श्रमविभाग या चार वर्गांत झालेला दिसतो. प्रत्येकाने वाचकाला काही दिले. परंतु आपल्या गावच्या शाळेत, पोलीस कवायतीच्या मैदानावर वा तालुक्याच्या स्पर्धेत कोण लढला, हे सांगणे चौघांपैकी एकाचेही काम नव्हते. पनवेलच्या रसिकाला डेम्प्सीपासून अलींपर्यंतची वंशावळ या नियतकालिकांतून पाठ करता येई. शेजारच्या आळीतील मुलाची हार-जीत मात्र त्या मुलाच्या स्मरणाबरोबरच संपे.

अभ्यासकाने यातून दोन बोध घ्यावयाचे आहेत. विदेशी क्रमवारी व नोंदग्रंथ यांना प्रमाण न मानता साक्षीदार मानावे आणि साक्षीदाराचे हितसंबंध प्रथम तपासावेत, हा पहिला. दुसरा याहून निकडीचा आहे. बांधीव स्वरूपातील इंग्रजी नियतकालिके जगातील अनेक ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. ती नाहीशी होण्याचे भय नाही. भय आहे ते शाळांच्या वार्षिकांकांचे, स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकांचे, स्थानिक वृत्तपत्रांच्या आतील पानांचे आणि वृद्ध खेळाडूंच्या आठवणींचे. स्थानिक मुष्टियुद्धाचा इतिहास लिहावयाचा असेल तर तो या कागदांतून व या तोंडी साक्षींतूनच लिहावा लागेल, आणि या साक्षी दरवर्षी कमी होत आहेत.