थळ घाटाचीं जुनीं छायाचित्रें

बोरीबंदराहून १६ एप्रिल १८५३ रोजीं ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची पहिली आगगाडी ठाण्यास गेली. आगगाड्यांच्या त्या आरंभींच्या दिवसांचें दर्शन विलायतेच्या सचित्र साप्ताहिकांनीं घडविलें, तें लांकडावर कोरलेल्या ठशांतून. छायाचित्रणाची विद्या त्या वेळीं अवघी चौदा वर्षांची होती. पुढच्याच वर्षीं, १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकीं एक होते. म्हणजे लोहमार्ग आणि छायाचित्रण या दोन विद्या या प्रांतांत जवळजवळ हातांत हात घालून वाढल्या.

तथापि धांवती गाडी टिपणें त्या काळच्या यंत्रास साधण्याजोगें नव्हतें. १८५१ सालीं आर्चर यानें शोधलेल्या कृतींत कांचेवर कलोडियनचा चिकट थर देऊन ती रुप्याच्या क्षाराच्या पाण्यांत बुडवीत, आणि ओली असतांनाच चित्र घेऊन अंधाऱ्या तंबूंत धुवीत. कांच वाळली कीं श्रम फुकट. प्रकाश घेण्यास कित्येक सेकंद लागत. तेवढ्यांत जें हाले, तें पुसट होई. म्हणून जुन्या चित्रांत पूल, बोगदे आणि उभीं इंजिनें ठसठशीत दिसतात. १८८० च्या सुमारास कोरड्या कांचा सर्रास मिळूं लागल्या, तेव्हां कोठें तंबूचें ओझें सुटलें.

नाशिककरांच्या परिचयाचा थळ घाट हें अशा चित्रांचें आवडतें स्थळ. कसाऱ्याहून इगतपुरीपर्यंतचा हा सुमारें सव्वानऊ मैलांचा चढ १ जानेवारी १८६५ रोजीं वाहतुकीस खुला झाला. एवढ्या अंतरांत मार्ग ९७२ फूट वर चढतो. कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट अशी चढण आहे. त्यासाठीं तेरा बोगदे खोदावे लागले, आणि एहेगावच्या दरीवर सुमारें १८२ फूट उंचीचा पूल बांधावा लागला. या मार्गाची आंखणी करणारे मुख्य अभियंते जेम्स बर्कले १८६२ सालींच वारले. पुरा झालेला घाट त्यांच्या दृष्टीस पडला नाहीं.

छायाचित्राची खरी किंमत जुनी वस्तु नाहींशी झाल्यावर कळते. पूर्वी या घाटांत गाडी चढणीच्या एका टोकास जाऊन थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या बाजूस जोडीत, आणि गाडी उलट दिशेनें पुढचा चढ चढे. बोरघाटांतही अशीच सोय होती. ती १९२९ सालीं नव्या मार्गामुळें बंद पडली. थळ घाटांतील स्थानकही आतां उरलें नाहीं. तें रूळ कसे मांडले होते, हें जाणण्यास आज जुन्या चित्रांचाच मोठा आधार आहे. पुढें १९३० पर्यंत विजेचीं इंजिनें इगतपुरीस पोहोंचलीं, आणि १९५१ सालीं ही कंपनीची रेल्वे मध्य रेल्वेंत विलीन झाली. चढण मात्र तीच आहे. आजही कसाऱ्यास गाडीच्या मागें जादा इंजिनें लावावीं लागतात.

या चित्रसंग्रहांत एक उणीव मात्र डोळ्यांत भरते. पुलाची लांबी, उंची, कमानींची संख्या, अभियंत्याचें नांव, हें सारें नोंदलेलें असतें. खडक फोडणारा मजूर मात्र, दिसलाच तर, खांबाच्या पायथ्याशीं दिसतो. तोही पुष्कळदां खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला. एकट्या बोरघाटांत १८६१ सालीं बेचाळीस हजारांवर माणसें राबत होतीं. पटकीनें आणि अपघातांनीं या घाटांतून हजारों दगावलीं. त्यांचीं नांवें चित्राखालीं नाहींत.

तरीही भिंगानें पक्षपात केला नाहीं. जो स्थिर उभा राहिला, त्याला त्यानें साहेबाइतक्याच स्पष्टपणें टिपलें. जुनें चित्र हातीं आलें, तर प्रथम पूल पाहावा. मग पायथ्याच्या त्या माणसांकडे पाहावें. घाटाचा इतिहास तेथून पुरा होतो.