साठ की आठ?

नगरच्या रणगाडा संग्रहालयात सगळ्यात आधी जाणवते ती शांतता. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात सुमारे ५० लढाऊ गाड्या उभ्या आहेत. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइस चिलखती गाडी आहे, इंग्रजांचे माटिल्डा आणि चर्चिल आहेत, पाकिस्तानकडून हिसकावलेला पॅटनही आहे. लोक तोफेच्या नळीखाली उभं राहून सेल्फी काढतात आणि बाहेर जाऊन चहा पितात. रणगाड्याचं सगळं काही इथे बघायला मिळतं, फक्त त्याचा आवाज मिळत नाही. तो आवाज ज्यांच्या कानांत गेला, त्यांतले कितीतरी आज पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डीच्या गावांत टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेले असतात, आणि घरातले त्यांच्यावर ओरडत असतात.

कागदोपत्री जिल्हा आता अहिल्यानगर झाला आहे, बोलण्यात मात्र नगरच. या नगरचं रणगाड्यांशी नातं शंभर वर्षांचं आहे. १९२०च्या दशकात इंग्रजांनी इथे रॉयल टँक कोअरची शाळा काढली. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, चिलखती दलाचे वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले विभाग इथे आणून एकत्र केले आणि आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. पुढे मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं प्रशिक्षण केंद्रही इथेच आलं. म्हणजे भारतीय सैन्यातला सवार, दफेदार, रिसालदार (चिलखती दलात अजूनही घोडदळाचीच पदं चालतात) कुठल्याही राज्यातला असो, त्याच्या कानांचा आणि तोफेचा पहिला परिचय बहुधा नगरच्या मातीत, खारे कर्जुनेच्या के. के. रेंजवर होतो.

रणगाड्याची लढाई दिसण्यापेक्षा ऐकण्यावर चालते, हे सिनेमे बघून कळत नाही. झाकण बंद केलं की आतल्या माणसाला पेरिस्कोपच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढंच जग. हुकूम येतो तो कानावरच्या हेडसेटमधून. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचा २१ वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल याला पेटलेला रणगाडा सोडून मागे येण्याचा हुकूम मिळाला तो रेडिओवरच, आणि लढत राहायचं ठरवल्यावर त्याने बंद केला तोही रेडिओच. त्याला मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्याचा ‘फामागुस्ता’ नावाचा सेंच्युरियन रणगाडा दुरुस्त करून नगरच्या केंद्रातच जपून ठेवला आहे.

सेंच्युरियनमध्ये चार माणसं असत: कमांडर, गनर, लोडर आणि ड्रायव्हर. लोखंडी पेटीत चौघं, बाजूला इंजिन, खाली पट्ट्यांची घरघर. चालत्या रणगाड्यात आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. डेसिबलचा हिशेब किराणा दुकानासारखा सरळ नसतो. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. ८५ डेसिबलमध्ये दिवसाचे ८ तास काम करता येतं असं धरलं, तर ८८ला ४ तास आणि १००ला जेमतेम १५ मिनिटं. ही झाली सलग आवाजाची गोष्ट. तोफेचा बार निराळा. १४० डेसिबलच्या वरचा एक धमाकाही कानाच्या आतल्या शंखात असलेल्या केसांसारख्या पेशी कायमच्या मोडू शकतो, आणि तोफेचा बार त्याच्या पुष्कळ वर असतो. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत. हेडसेट थोडं वाचवतो, पण त्याच हेडसेटमधून हुकूमही ऐकायचा असल्यामुळे घरघरीच्या वर ऐकू येईल इतका त्याचा आवाज वाढवावा लागतो.

सगळ्यात आधी मरतात त्या बारीक, तीव्र आवाज टिपणाऱ्या पेशी. साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास ऐकण्याच्या आलेखात एक खड्डा पडतो. जाड आवाज, म्हणजे स्वर, ऐकू येतात. स, श, फ, थ अशी व्यंजनं गळतात. मराठीत याचं फार क्रूर उदाहरण आहे. ‘साठ’मधला ‘स’ काढा, काय उरतं? ‘आठ’. भाजीवाला साठ म्हणतो, म्हातारा आठ रुपये काढून देतो, आणि आजूबाजूचे हसतात. त्याला आवाज ऐकू येत नाही असं नसतंच. त्याला शब्द कळत नाही. म्हणून मोठ्याने ओरडून उपयोग होत नाही, उलट तो चिडतो. ‘सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं’ हा टोमणा अशा घरांत हमखास ठरलेला. भरीला रात्री कानात रातकिडे. बाहेर कितीही शांत असो, ते थांबत नाहीत.

१९४८ साल मुद्दाम लक्षात ठेवा. नगरला रणगाड्यांची शाळा एकत्र होत होती त्याच वर्षी ब्रिटनच्या नव्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने ‘मेड्रेस्को’ नावाचं श्रवणयंत्र लोकांना फुकट द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातून बहिरे होऊन परतलेल्या सैनिकांसाठी जी पुनर्वसन रुग्णालयं निघाली, त्यांतून ऑडिओलॉजी हे शास्त्रच आकाराला आलं. ट्रान्झिस्टर बाजारात पहिल्यांदा आला तोही रेडिओतून नव्हे, १९५२च्या शेवटी श्रवणयंत्रातून. तिकडे कान हा युद्धाचा हिशेब मानला गेला. माजी सैनिकांच्या भरपाईच्या दाव्यांत अमेरिकेत आजही कानातला नाद सगळ्यात वर आहे, आणि बहिरेपणही वरच्या काही कारणांत आहे. सैन्याला सदोष इअरप्लग पुरवल्याच्या आरोपांवरून थ्रीएम कंपनीने २०२३ मध्ये सुमारे ६०० कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

आपल्याकडे हा हिशेब उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी मांडला गेला. कानपूरची अलिम्को १९७२ची. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ची. माजी सैनिकांसाठीची ईसीएचएस योजना तर १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. म्हणजे १९६५ आणि १९७१ लढलेल्या माणसांना असं कायमचं आरोग्य छत्र मिळालं तेव्हा ती साठीच्या आसपास किंवा पुढे होती. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी या योजनेचं दार २०१९ मध्ये उघडलं. तेव्हा त्यातला सगळ्यात तरुणही नव्वदीच्या घरात होता.

आज नगरच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकचं कार्ड असलेल्याला श्रवणयंत्र मिळू शकतं. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवणी, ध्वनिरोधक खोलीत तपासणी, शिफारस, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत खर्च. योजना चांगली आहे, हे आधी म्हणायला हवं. पण मर्यादेच्या वरचे पैसे खिशातून जातात आणि चांगल्या जोडीची किंमत लाखाच्या घरात पोहोचते. शिवाय यंत्र म्हणजे चष्मा नव्हे. त्याला झिंक-एअर बॅटरी लागते, ती आठ-पंधरा दिवसांत संपते. पावसात, घामात ते बिघडतं. सुरुवातीला आवाजांचा गोंगाट अंगावर येतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा जाऊन ते जुळवून घ्यावं लागतं. पाथर्डीच्या पलीकडच्या वाडीतून नगरला चार खेपा करायच्या तर सत्तर वर्षांच्या माणसाबरोबर घरातल्या कुणाला तरी चार दिवस कामाला सुट्टी टाकावी लागते. अनेक यंत्रं कपाटात डबीत पडून असतात ती या चार खेपांअभावी. डबीतल्या यंत्राला मी म्हाताऱ्याचा हट्ट म्हणणार नाही.

ज्यांच्याकडे ते कार्ड नाही त्यांचं काय? केंद्राची वयोश्री योजना २०१७ची. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ची. तिच्यात ६५ वर्षांवरच्यांना साहाय्यक साधनांसाठी ३००० रुपये थेट खात्यात मिळतात. पण कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २ लाख. सैन्याचं निवृत्तिवेतन घेणारे अनेक जण तिथेच गळतात. दिव्यांग म्हणून जावं, तर २०१६च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत, बोलण्याच्या वारंवारितांवर, किमान ६० डेसिबल घट दिसली पाहिजे. ४०००च्या खड्ड्यात पडलेला माणूस या व्याख्येत बऱ्याचदा बसतच नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याला ऐकू येतं. साठ की आठ, हे कायदा विचारत नाही.

राहिला अपंगत्वाच्या पेन्शनचा रस्ता. सैन्याच्या ‘शेप’ या वैद्यकीय वर्गीकरणात ‘एच’ म्हणजे कान, आणि निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळ तो तपासतं. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिलं: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीतूनच आला असं धरायचं, उलटं सिद्ध करण्याची जबाबदारी सैन्याची. खटला फेफऱ्याचा होता, पण आधार कानालाही मिळतो. अडचण अशी की पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होताना जवान आपल्या कानाविषयी तक्रार करत नाही. त्याला पुढे बँकेत किंवा कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकाची नोकरी हवी असते. आणि तेव्हा झालेली इजा अधिक वय ही बेरीज जाणवते साठीनंतर. त्या वेळी हातात लागतो तो कागद म्हणजे जुना आलेख, असला तर.

म्हणून घरात कुणी निवृत्तीला आलेला फौजी असेल, तर त्याच्या सर्व्हिसच्या कागदांत ऑडिओग्रामची प्रत आहे का, ते बघा. फोनवर फोटो काढून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज कुठला करायचा ते सांगतात, आणि प्रकरण अडलंच तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे.

२०२२ पासून याच जिल्ह्यातली पोरं अग्निवीर होऊन जात आहेत. बार तोच, इंजिन तेच. चार वर्षांनी चौघांतले तिघे बाहेर पडतील, तेव्हा त्यांना ना पेन्शन असेल, ना ईसीएचएसचं कार्ड. वय असेल पंचविशीच्या आतबाहेर, आणि साठ वर्षांचे व्हायला अजून पस्तीस वर्षं.