चोवीस जणींची नाव

आमच्या बुलडाणा जिल्ह्यात कपाशी फुटली की बायका घोळक्याने वेचणीला जातात. शेजारी शेजारी पात धरतात, सुखदुःख बोलत पुढे सरकतात. खाला असो की काकू, पातीवर सगळ्या सारख्याच. त्यांच्यातली एखादी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन करून नागपूरहून किंवा मुंबईहून परतते, तेव्हा घरचे मायेने बजावतात, "आता या हाताने काही उचलायचं नाही." मोहल्ल्यात 'बडी बिमारी' एवढंच हळू आवाजात बोललं जातं. तिची मजुरी जाते आणि सोबतही जाते.

या भीतीला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीका ग्रंथीही काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. अनेक दशकं तीच चालली. ग्रंथी निघाल्या की हातातला द्रव नीट वाहून जात नाही आणि काहींचा हात सुजतो. याला लिम्फोएडेमा म्हणतात. म्हणून कष्ट टाळा, असा सल्ला रुळला. सूज खरी होती. कष्टाने ती येतेच, याला मात्र भक्कम पुरावा नव्हता.

१९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी हे तपासायचं ठरवलं. त्यांनी निवडली ड्रॅगन बोट. केरळच्या वल्लमकळीची आठवण करून देणारी ही लांब चिनी नाव. दोन-दोनच्या रांगेत वीस जण वल्ही मारतात, पुढे ढोल, मागे सुकाणू. म्हणजे जे करायला मनाई होती, नेमकं तेच काम. या आजारातून उठलेल्या २४ बायका तयार झाल्या. आधी व्यायामाने हात तयार केले, मग पाण्यात उतरल्या. एकीलाही नव्याने सूज आली नाही, आणि जिला आधीपासून होती तिची वाढली नाही.

चोवीस ही संख्या लहानच. पण २००९ साली हात सुजलेल्या १४१ बायकांचा अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजन उचललं तर सूज वाढत नाही, उलट त्रास उफाळण्याचं प्रमाण घटतं, असं त्यात दिसलं.

प्रयोग संपला तरी व्हँकुव्हरच्या बायका नावेतून उतरल्या नाहीत. असे संघ पुढे अनेक देशांत निघाले. ते एकत्र जमतात तेव्हा गेलेल्या मैत्रिणींच्या आठवणीत पाण्यावर फुलं सोडतात. आजाराचं नाव तिथे कुजबुजत घ्यावं लागत नाही. ढोलाच्या ठेक्यावर सगळ्यांची वल्ही एकदम पडतात, दमलेलीला शेजारीण सांभाळून घेते.

आपल्याकडे नाव नसेल, पात आहे. डॉक्टरांना "काय उचलू नको?" एवढंच विचारून परतू नये. "सुरुवात कुठून करू, किती वाढवू?" हेही विचारावं. आणि तिची ताकद येईपर्यंत, वेचणीला जाताना तिच्या दारात एक हाक मारावी. बांधावर बसून बोलायला तरी ती येईल.